समोरची जागा

४ नोव्हेंबर, लोणार

पोहोचले! उंद्रीहून चिखली, चिखलीहून मेहकर, मेहकरहून इथे, अशा गाड्या बदलत आले, पण थकवा म्हणून नाही. बाबा स्टँडवर सोडायला आले होते. त्यांनी कंडक्टरला बजावलं की माझी पोरगी समता बी.एस्सी. झालेली आहे, आमच्या घरात पहिलीच, नीट घेऊन जा. कंडक्टर म्हणाला, भाऊराव, बी.एस्सी. झाली म्हणून तिकीट माफ नाही होत. सगळी गाडी हसली. मला लाज वाटली आणि छानही वाटलं.

ऑफिस म्हणजे ऋत्विक सरांच्या घराचा वरचा मजला. सर पुण्याची नोकरी सोडून गावी परत आलेत. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत. आत गेलं की कानात कापूस घातल्यासारखं होतं. काम करणारे तिघेच आहोत, सर, योगिनी मॅडम आणि मी.

आमचं काम असं. पुष्कळ माणसं एका व्हिडिओ कॉलवर आली की सगळ्यांचे आवाज एकाच जागेवरून, डोक्याच्या मधोमध, ढीग घातल्यासारखे येतात. बैठकीत तसं होत नाही. डोळे मिटले तरी कोण डावीकडून बोललं, कोण दारातून, ते कळतं. सरांनी प्रत्येक आवाजाला ऐकणाऱ्याच्या भोवती जागा द्यायची रीत शोधली आहे. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा अंगावर काटाच आला. सर डाव्या हाताशी, योगिनी मॅडम अगदी समोर, जणू त्यांच्या बोलण्याची वाफ चेहऱ्याला लागावी.

सरांनी विचारलं, हेच काम का करायचंय? मी सांगितलं की आमच्या ग्रामसभेत बाया मागे, दाराशी बसतात. त्या बोलल्या तरी पुढचा माणूस मान वळवत नाही. या गोलात कुणाला मागे बसवायचंच नाही असं करता येईल. सर आधी हसले, मग ते वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं.

९ नोव्हेंबर

योगिनी मॅडम मला नुसतं योगिनी म्हण म्हणते. तिचे वडील बुलढाण्याला प्राध्यापक आहेत, ती पुण्याला शिकली. डब्यातली भाजी न विचारता माझ्या ताटात वाढते. मी बोलताना ‘मले’ म्हणून गेले तर सर हसतात, ती हसत नाही. नंतर मी एकटी असताना हळूच सांगते, ‘मला’ म्हण, कॉलवर बरं दिसतं. तिचा आवाज कसा आहे ते लिहायला बसले आणि जमलं नाही. ती बोलायला लागली की माणूस हातातलं काम थांबवतो, एवढं खरं.

सरांनी आज हेडफोनची गंमत दाखवली. त्यात मानेची हालचाल कळते. कुणी बोललं आणि ऐकणाऱ्यांच्या माना तिकडे वळल्या, की त्या आवाजाची जागा हळूहळू सगळ्यांच्या समोर सरकते. ज्याच्याकडे कुणी वळत नाही तो कडेला जातो. सर म्हणाले, खऱ्या बैठकीत असंच असतं. मला ते पटलं नाही. पण नवीन आहे, म्हणून मान डोलावली.

१७ नोव्हेंबर

आमच्या उंद्रीच्या बचत गटावर हा प्रयोग करायचं ठरलं. गट मीच सुचवला. आई त्यात आहे. बायांना हेडफोन देऊन आलो आणि आज पहिली बैठक झाली. प्रत्येक जण आपापल्या घरी आणि तरी सगळ्या एका गोलात. गटाच्या अध्यक्ष केसरबाई मध्येच ओरडल्या, ‘माय व! जाऊबाई मागं उभी हाय असं वाटलं, पाह्यलं तं बकरी!’ बाया इतक्या हसल्या की गावाला नळ मागायचा विषय राहूनच गेला. बाबाही आईच्या हेडफोनचा एक कान ओढून ऐकत होते. आई त्यांना सांगत होती, तुमचं काय काम बायांत.

सरांनी एक गोष्ट सांगितली. जानेवारीत ज्यांच्यासाठी हे काम चाललंय ते पुण्याचे लोक एक बैठक ऐकणार. ती बैठक जी चालवेल तिच्याकडे पुढे जिल्ह्यातल्या सगळ्या गटांचं काम. दोघींची गरज नाही, एकीलाच ठेवता येईल. योगिनीने माझा हात दाबला आणि म्हणाली, तूच करशील बघ. मीही तेच म्हणाले. काम दोघींनाही हवं होतं, हे दोघींना माहीत होतं.

२८ नोव्हेंबर

दर बैठकीनंतर माना कुठे वळल्या त्याचं चित्र पडद्यावर येतं. एक गोल, त्यावर नावांचे ठिपके, आणि प्रत्येक ऐकणारीपासून निघालेली बारीक रेघ. आज बहुतेक रेघा योगिनीकडे होत्या. माझा ठिपका सरकत सरकत जवळपास मागे गेलाय. ठीक आहे, म्हटलं. मग एक रेघ नीट पाहिली. बेबीताई. माझी आई. मी बोलत होते तेव्हाही तिची मान योगिनीकडे होती.

मला न शिकलेल्या बायांचं वाईट वाटत नाही, त्यांना गोड बोलणं आवडणारच. पण ज्या बाईने माझ्या पुस्तकांसाठी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला, तिची मान?

३ डिसेंबर

आईला फोन केला. काऊन व, मी बोलते तेव्हा तू कुठी पाहतेस, असं सरळ विचारलं. ती म्हणाली, मले काय ठाऊक बाई, मान आपोआप जाते. ते मॅडम किती गोड बोलते. तूही शिकून घे ना तिच्याजवळून.

शिकून घे! मी सकाळी आरशासमोर ‘मला, तुला, त्याला’ म्हणत बसते हे तिला सांगितलं नाही. योगिनीने आज मला स्वतःची शाल दिली, गाद्यांच्या खोलीत गारठा असतो म्हणून. शाल ऊबदार आहे. मला ती अंगावर ठेववेना.

८ डिसेंबर

सर कामाने बुलढाण्याला गेले होते. योगिनी खाली जेवायला गेली. पडद्यावर गोल उघडाच होता. मी तिचा ठिपका धरला आणि ओढत सगळ्यांच्या पाठीमागे नेला. माझा समोर आणला. आणि दोन्हींना कुलूप लावलं, म्हणजे माना कुठेही वळल्या तरी ते हलणार नाहीत.

मी स्वतःला सांगितलं की ही तुलना आहे, कामाचाच भाग. सगळे समान हवेत तर रोज एकच बाई समोर का? तिलाही कळू दे दाराशी बसणं काय असतं.

सरांना सांगेन. पण आज नाही.

१२ डिसेंबर

दोन बैठका झाल्या. केसरबाई म्हणाल्या, आज समती लय डोळ्यापुढं बसली. मी नळाचा अर्ज समजावून सांगितला तर सगळ्यांनी ऐकला, प्रश्न विचारले. आईने मान हलवली. रेघा सगळ्या माझ्याकडे! योगिनी मध्ये काहीतरी बोलली, तर दोघीतिघींनी दचकून मागे पाहिलं, आणि कुणीतरी म्हटलं, कोण हाय व मागं? तिने पुन्हा सांगितलं, पण तोवर विषय पुढे गेला होता.

बैठकीनंतर तिने विचारलं, आज माझा आवाज नीट येत नव्हता का? मी म्हणाले, येत होता. आणि तिला चहा करून दिला. किती दिवसांत इतका गोड चहा प्यायले नव्हते.

१९ डिसेंबर

आज विचित्र झालं. आम्ही तिघे जेवत होतो. हेडफोन कुणाच्याच कानाला नव्हते. योगिनी सरांच्या पुढ्यात बसली होती. तिने लोणचं मागितलं आणि सरांनी चटकन मागे वळून पाहिलं, भिंतीकडे, गाद्यांकडे. मग ते हसले, तीही हसली. मी हसणारच होते. तेवढ्यात ती म्हणाली, समता, तू दे ना.

तिचे ओठ माझ्यासमोर हलले. आवाज माझ्या पाठीमागून आला.

२१ डिसेंबर

सर उत्साहात आहेत. म्हणतात, यंत्र कुणाला जागा शिकवत नाही, कान शिकतात. एकदा शिकले की यंत्र नसलं तरी तो आवाज तिथूनच ऐकतात. ठिपके परत हलवले की आठ-पंधरा दिवसांत कान विसरतील. मग त्यांनी विचारलं, पण हिचा ठिपका मागे खिळला कसा? मी म्हणाले, बिघाड असेल, मी बघते.

बघणार आहे. पुण्याची बैठक झाली की लगेच. तेवढी होऊ दे.

२७ डिसेंबर

आम्ही तिघे उंद्रीला गेलो, बायांना प्रत्यक्ष भेटायला. भर दुपारी, समाजमंदिरात, लख्ख उजेडात. आई आल्याआल्या माझ्या गालावरून हात फिरवत राहिली. केसरबाई म्हणाल्या, बसा व मॅडम, आज तं बिगर कानाच्या टोपीच्या भेटल्या.

योगिनी उभी राहिली आणि बोलायला लागली. सगळ्या बायांनी एकदम माना वळवल्या, दाराकडे. दारात कुणी नव्हतं. ती म्हणाली, अहो, मी इकडे आहे. बाया दाराकडेच बघत राहिल्या. एकीने पदर तोंडावर घेतला. कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं. योगिनी त्यांच्या मध्ये गेली, एकेकीसमोर वाकली, केसरबाईंचे हात धरले. केसरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, जसं आपण मुक्या परक्या माणसाकडे पाहतो, आणि खांद्यावरून मागे ओरडल्या, कोण हाय बे तिथं, समोर ये!

ती रडत होती. आम्हा सगळ्यांना ते रडणं आपापल्या पाठीमागून येत होतं.

परतीच्या एसटीत तिने मला खिडकी दिली.

३ जानेवारी

योगिनी येत नाही. सर आधी रोज फोन करायचे. आता विचारलं तर क्षणभर आठवावं लागतं. ज्या तोंडातून आवाज येत नाही ते तोंड माणसं विसरतात, असं मला वाटायला लागलंय.

मी फोन केला. फोन कानाला होता. हॅलो मानेमागून आला. ठेवून दिला.

बैठकीत ती नसते, तिचं नावही पडद्यावर नसतं, तरी बायांना मागून कुणीतरी बोलल्याचं ऐकू येतं. आईला भांडी घासताना येतं. केसरबाईंनी सगळ्यांना ताकीद दिली आहे, मागून कोणी बोललं तं मान वळवायची नाही. वळवली की ते जवळ येते. कुणी किती का विनवेना. बायांनी हाव म्हटलं. बैठक चालवणारी म्हणून मी काही बोलायला हवं होतं. आमच्या घरात असल्या गोष्टी कधी मानल्या नाहीत. मीही हाव म्हटलं.

९ जानेवारी

मिळालं! पुण्याच्या लोकांनी बैठक ऐकली. म्हणाले, या मुलीचा आवाज अगदी समोर बसल्यासारखा वाटतो. जिल्ह्याचं काम माझ्याकडे.

आईला फोन केला. ती म्हणाली, हाव, ठाऊक हाय, दुपारीच तं सांगितलंस. दुपारी मी बैठकीत होते. मी म्हटलं, फोनवर? ती हसली. फोनवर कायले, इथं चुलीपुढं बसून सांगितलं ना.

थकली असेल.

कुलूप काढायचं होतं. उद्या काढते.

१३ जानेवारी, उंद्री

न कळवता घरी आले. दारातूनच ऐकू आलं, आई कुणाशी तरी बोलतेय. एकटीच तूर निवडत होती, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत, खुशीत. मी हाक मारली. तिने त्या रिकाम्या जागेलाच ओ दिली. मी आत गेले, आई, मी इकडे हाय म्हणाले. ती समोर बघून म्हणाली, दिसून राह्यलं ना बाई मले, कायले ओरडतेस.

मग मी जाऊन त्याच जागेवर बसले. तिच्या अगदी पुढ्यात. ती माझ्याकडे बघून कसंनुसं हसली, पाहुणीकडे बघून हसतात तसं. म्हणाली, जरा सरकून बसता का, समता बसली हाय तिथं.

बाबा आले. त्यांची नजर माझ्यात आणि त्या जागेत कुठेतरी मधोमध अडकली. विचारलं, पोरी, तू दोन ठिकाणून काऊन बोलून राह्यली?

आईने मला चहा दिला. पाहुण्यांच्या कपात.

१५ जानेवारी, लोणार

कुलूप काढलं. योगिनीचा ठिपका पुढे आणला, माझा मागे नेला. मग सगळे गोलात समान ठेवले, जसे पहिल्या दिवसापासून ठेवायला हवे होते. ठिपके हलतात. दुसरं काहीच हलत नाही.

सरांशी बोलते तर ते समोरच्या फळ्याकडे बघून उत्तर देतात. परवापर्यंत ‘समता’ म्हणत. आज माझ्याकडे वळून विचारलं, आपण कुणाकडे आलात?

१८ जानेवारी

बैठक होती. मी माईक बंद ठेवून बसले. बैठक सुरू झाली. मी सुरू केली. म्हणजे ती —

माझाच आवाज. पण कुठेही अडखळत नाही. ‘मला’ म्हणते. ‘त्यांना’ म्हणते. केसरबाईंना कोपरखळी मारते आणि त्या हसतात. मला कधी इतकं जमलं नाही. योगिनीसारखं बोलते आणि आई तिला समती म्हणते.

पडद्यावर सगळ्या रेघा समोर. आईचीही.

मी त्या रेघेकडे बघत बसले. भीती वाटायला हवी होती. मला फक्त एवढंच वाटलं, ती तिची आई नाही. माझी आहे.

२० जानेवारी

गावी जायला स्टँडवर. कंडक्टरला मेहकर म्हटलं. त्याने तिकीट फाडलं. तो कधी कॉलवर नव्हता, म्हणून त्याला मी ऐकू आले. एवढ्याने डोळे भरून आले.

घरी आई तिच्यासाठी पुरणाच्या पोळ्या करत होती. तिच्यासाठी. ताट वाढून ठेवलं समोर. मी दाराशी बसले. दाराशीच जागा होती.

आईला हात लावला. तिने हात हळूच काढून घेतला आणि समोर बघून म्हणाली, ते बाई पुन्हा आली व समे, बोलत कायच नाही. बिचारी.

ती हसली. माझ्या आवाजात. माझ्या आईला हसवलं तिने.

२२

योगिनी बोलते आता माझ्याशी. मागून. रागावलेली नाही. आधी वाटलं सूड घ्यायला — नाही. नुसतं बोलते. म्हणते, तुझा आवाजही मागे आलाय, माझ्या बाजूला. तुला ऐकू येत नाही का, तू स्वतः बोलतेस ते कुठून येतं?

बोलून पाहिलं. माझं नाव घेतलं.

पाठीमागून आलं.

२३

आज बैठक. शेवटचा प्रयत्न. मी सांगणार आहे सगळ्यांना. ठिपका मी ओढला, कुलूप मी लावलं. समोरची जागा कुणीही घ्या, मला नको, पण आईने एकदा —

हेडफोन घातले. तिने सुरुवात केली. नळाला पाणी आलं, सांगतेय. बाया टाळ्या वाजवतात. तो अर्ज माझा होता.

मी ओरडले. आई, मी हाय. मागं पाह्य. मी समता, मले पाह्य —

रेघ हलली. आईची. समोरून सुटली, वळायला लागली, अर्धी —

केसरबाई म्हणाल्या, बेबे, मान सरळ. ठरलंय ना आपलं.

ती समोरची म्हणाली, आई, मागे बघू नका. मी आहे ना.

आई थांबली. पदर घट्ट केला. रेघ परत — सरळ —

अजून ओरडतेय. माझ्या पाठीमागे कुणीतरी माझ्याच आवाजात ओरडतंय आणि योगिनी म्हणते, पुरे आता, घसा दुखेल. मीही असंच केलं होतं. म्हणते, जागा आहे इथे, मी सरकते. नुसती मान वळव. मी वळवणार नाही. आईने वळवली नाही तर मी का —

म्हणते, इथून आईची पाठ तरी दिसते, तुला एकटीलाच — कुणी वाटेकरी नाही —

फक्त पाठ. पण माझ्या एकटीला. मान आपोआप जा